गोष्टींच्या कपाटाचं कुलूप काढा: प्राथमिक शाळेच्या वाचन समितीला खुले पत्र

माननीय मुख्याध्यापक आणि वाचन समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी तिसरीच्या वाचनतासाला एक मुलगा पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. पुस्तक छातीशी धरलेलं आणि उजव्या हाताचा अंगठा पुस्तकाच्या पाठीवर, अगदी खाली, घट्ट दाबलेला. नोंदवहीत लिहायला मी पुस्तक मागितलं तर देईना. "तुम्ही लिहा ना, मी नाव वाचून दाखवतो," म्हणाला. मग माझ्या लक्षात आलं. अंगठ्याखाली लाल टिकली होती. रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघींच्या हातात निळ्या टिकलीची पुस्तकं होती, आणि लाल म्हणजे कोण हे आता तिसरीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.

नाव लिहून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "याच्या पुढचा भाग आहे का?" पुढचा भाग आहे. तो निळ्यात आहे, म्हणून त्याला द्यायचा नाही. आणि आता तर तो कुणालाच द्यायचा नाही, कारण मालिकांची पुस्तकं आपण कुलूपबंद कपाटात ठेवली आहेत.

या सत्रापासून शाळेत नवी वाचन-योजना सुरू झाली. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक पुस्तकाला रंगाची टिकली (लाल म्हणजे सोपं, निळी म्हणजे त्याहून अवघड), प्रत्येक मुलाला एक रंग, आणि मुलाने आपल्याच रंगातलं पुस्तक न्यायचं. अवांतर वाचनाची नवी यादी आली. तिच्यात माहितीची आणि बोधकथांची पुस्तकं भरपूर आहेत, निखळ गोष्टींची मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चित्रकथा, मालिका आणि ज्या गोष्टींत कुणी मरतं किंवा मूल खोडसाळ वागतं अशी पुस्तकं कपाटात गेली. प्रत्येक पुस्तकामागे एक वर्कशीट आली. मी दोनदा लेखी कळवलं, एकदा पालकसभेत विषय काढला. "विचार करू" यापलीकडे उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. इतर पालकांनी आणि इतर शाळांतल्या शिक्षकांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे, कारण अशा याद्या एकाच शाळेत बनत नाहीत.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. माझी मोठी मुलगी दुसरी संपत आली तरी अक्षरं लावून वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. घरी वाचायला बसवलं की तिचं पोट दुखायचं, आणि ते खरंच दुखायचं. तेव्हा शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल बाई होत्या. त्यांनी तिला एकदा टेबलापाशी बसवलं, कुत्रा आवडतो की भूत एवढंच विचारलं आणि तीन पुस्तकं समोर मांडून म्हणाल्या, "यातलं कुठलं तुझ्याबरोबर घरी यायला तयार आहे बघ." तिने भुताचं उचललं. ते तिच्या आवाक्याच्या बाहेरचं होतं, हे मला पहिल्या पानावरच दिसलं. पहिलं प्रकरण मी वाचून दाखवलं. दुसरं अर्धं झालं तेव्हा मला स्वयंपाकघरात जावं लागलं. परत आले तर ती बोट ठेवून पुढची ओळ लावत बसली होती. भूत जिन्यावरून खाली येत होतं, ती थांबणार कशी? ते पुस्तक तिने एवढ्या वेळा वाचलं की शिवण उसवली. त्या बाई निवृत्त झाल्या, जागा भरली गेली नाही, आणि मी वाचनतासाला स्वयंसेवक म्हणून येऊ लागले. त्याला आता सात वर्षं झाली. माझा धाकटा सध्या तिसरीत आहे.

आता तक्रारी. पहिली टिकल्यांची, आणि तीच सर्वांत मोठी.

पुस्तकाची पातळी ठरवण्याची सूत्रं जगात आहेत, ती काय मोजतात हे समजून घ्यायला हवं. अमेरिकेत सर्वाधिक चालणारं लेक्साइल हे मापन मुख्यतः दोन गोष्टी पाहतं: वाक्याची लांबी आणि शब्द किती वेळा वापरात येतात ते. या मापात ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब' हे डुक्कर आणि कोळीण यांच्या मैत्रीचं मुलांचं पुस्तक ६८० वर येतं. जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ही जमिनीवरून उखडल्या गेलेल्या शेतकऱ्यांची, मोठ्या माणसांसाठी लिहिलेली कादंबरीही ६८० वरच येते. दोन्हींत वाक्यं छोटी आणि शब्द रोजचे, म्हणून आकडा एक. गोष्ट कशाबद्दल आहे, ती वाचताना मनात काय धरून ठेवावं लागतं, याचा त्या आकड्याला पत्ता नसतो. आपल्या टिकल्या तर कुठल्या सूत्रानेही लागलेल्या नाहीत. पानांची संख्या आणि अक्षरांचा आकार पाहून लावल्या, असं ज्यांनी त्या लावल्या त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे मोठ्या अक्षरातलं पण पुस्तकी, जड मराठीतलं पुस्तक लाल झालं, आणि बारीक अक्षरातलं पण सगळं बोलण्याच्या भाषेतलं, संवादांनी भरलेलं पुस्तक निळं. मुलं अडतात ती पहिल्यात.

आणि मुलाचा रंग? तो तर त्याहून कच्चा आहे. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघी अमेरिकन संशोधकांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा वाचायला दिला. ज्यांचं वाचन कच्चं मानलं जात होतं पण खेळाची माहिती पक्की होती, ती मुलं खेळ न कळणाऱ्या 'हुशार' वाचकांपेक्षा उतारा चांगला समजून सांगत होती. वाचता येणं हे असं विषयागणिक बदलतं. अंगठा दाबून उभा असलेला तो मुलगा किड्यांबद्दल मला शिकवतो. मुंगीच्या वारुळात घडणारी गोष्ट तो निळ्या टिकलीतून सहज वाचेल. राजवाड्यातली गोष्ट कदाचित लालमध्येही अडखळत वाचेल. मग त्याचा रंग कोणता?

शिवाय ती टिकली सगळ्यांना दिसते. मुलाची वाचनाची पातळी ही शिक्षक, पालक आणि मूल यांच्यातली बाब आहे. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने नेमक्या याच कारणासाठी पुस्तकांच्या पाठीवर पातळीची लेबलं लावण्याविरुद्ध लेखी भूमिका घेतली आहे. वाचायला नुकतं शिकणाऱ्या मुलांसाठी सोप्या, थोड्या शब्दांच्या पुस्तकांचा वेगळा खण हवा, याला माझा विरोध नाही. पहिलीत तो हवाच. पण खण ठेवणं वेगळं आणि मुलाच्या पाठीवर खूण करणं वेगळं.

दुसरी तक्रार यादीबद्दल. "गोष्टी वाचून काय मिळतं, त्यापेक्षा माहिती तरी मिळेल," हे वाक्य मी बैठकीत ऐकलं. माहितीच्या पुस्तकांशी माझं वैर नाही, किड्यांचं पुस्तक मीच त्या मुलाला शोधून दिलं होतं. पण गोष्ट वाचताना मूल जे करतं ते दुसऱ्या कुठल्या वाचनात इतकं होत नाही. मांजर दाराआड आहे हे आपल्याला माहीत, उंदराला माहीत नाही, आणि उंदराला माहीत नाही हे मांजराला माहीत आहे: एवढं सगळं सहा वर्षांचं मूल एका पानावर डोक्यात धरतं आणि श्वास रोखून पान उलटतं. पान उलटायची ती घाईच त्याला जोडाक्षराच्या पार नेते. बोधकथेत ही घाई नसते, कारण शेवट काय होणार ते पहिल्या ओळीलाच कळतं. खोटं बोलणारा फसणार आणि आळशी माणूस पस्तावणार.

सोप्या शब्दांत खरी गोष्ट लिहिता येते, याचा एक दाखला फार जुना आहे. १९५४ मध्ये अमेरिकन लेखक-पत्रकार जॉन हर्सी यांनी 'लाइफ' मासिकात लेख लिहून शाळेतली वाचनाची पुस्तकं मिळमिळीत आहेत, त्यातली मुलं अनैसर्गिक गुणी आहेत, अशी टीका केली. तिच्या पाठोपाठ मुलांसाठी लिहिणारे लेखक डॉ. स्यूस यांना पहिलीच्या मुलांना जमतील अशा शब्दांची यादी देण्यात आली आणि त्यातून १९५७ मध्ये 'द कॅट इन द हॅट' आलं. संपूर्ण पुस्तकात फक्त २३६ वेगवेगळे शब्द. आई घरी नसताना एक आगंतुक मांजर घरात शिरतं आणि सगळं उलथंपालथं करतं. आपल्या निकषांनुसार हे पुस्तक कपाटात जाईल. मराठीतही वेगळ्या वाटेने हे झालं आहे. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'मध्ये एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. शेवटी तात्पर्य नाही. मुलं ते पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात, कारण त्यात घर आहे.

खोडसाळपणाबद्दलही बोलायला हवं. मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ सालच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये मॅक्स नावाचा मुलगा आईवर ओरडतो, "तुला खाऊन टाकीन" म्हणतो, आणि त्याला न जेवता झोपायला पाठवतात. तो मनाने राक्षसांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो आणि एकटं वाटू लागल्यावर परत येतो. खोलीत त्याचं जेवण वाट पाहत असतं, आणि ते अजून गरम असतं. मुलं घाबरतील, अशी शंका तेव्हाही काहींनी घेतली होती. रागावलेल्या मुलाला ते शेवटचं वाक्य काय देऊन जातं, हे मी वाचनतासाला पाहिलं आहे. सकाळी वर्गात मारामारी करून आलेल्या एका मुलाने ते पान परत वाचायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. काही बोलला नाही.

मरणाच्या गोष्टी वगळल्या, ही तिसरी तक्रार. 'शार्लट्स वेब'मध्ये कोळीण शेवटी मरते, म्हणून ते पुस्तक गेलं. गेल्या वर्षी आजोबा गेल्यानंतर शाळेत आलेल्या एका चौथीच्या मुलीने मला विचारलं होतं, "ज्यात कुणीतरी जातं असं पुस्तक आहे का?" तिला घरात कुणी काही विचारू देत नव्हतं. मी तिला तेच दिलं. आज तिच्यासारखं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

चौथी, मालिका आणि चित्रकथांची. मूल मालिकेला चिकटतं ते आळसाने चिकटत नाही. पात्रं ओळखीची, घर ओळखीचं, लेखकाची बोलण्याची ढब ओळखीची, म्हणून सगळी ताकद नव्या शब्दांना आणि नव्या प्रसंगाला मिळते. मराठीत भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने किती पिढ्यांना जाड पुस्तकाकडे नेलं, ते या समितीतल्या निम्म्या सदस्यांना स्वतःच्या लहानपणावरून माहीत असेल. एक वाचलं की पुढचं हवं असायचं. तीच भूक आज कपाटात बंद आहे. चित्रकथेत तर मूल चित्र आणि शब्द दोन्ही एकदम वाचतं, पात्राचा चेहरा एक सांगतो आणि संवाद दुसरंच सांगतो, त्यातला फरक ओळखतं. यालाही वाचनच म्हणतात.

वर्कशीटबद्दल थोडक्यात. पाच वेगवेगळ्या पुस्तकांवर मुलांनी भरलेल्या वर्कशीट मी पाहिल्या. "या गोष्टीतून तू काय शिकलास?" या प्रश्नाला चौघांनी लिहिलं होतं, "नेहमी खरे बोलावे." त्यातल्या तीन पुस्तकांत खोटं बोलण्याचा प्रसंगच नाही. मुलांना कळलं आहे की इथे पुस्तकाबद्दल लिहायचं नसून आपल्याला हवं ते लिहायचं आहे. डॅनिअल पेनाक हे फ्रान्समधले लेखक, स्वतः अनेक वर्षं शाळेत शिकवणारे. त्यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क, तेच पुन्हा वाचण्याचा हक्क त्यात आहेत. शेवटचा हक्क आहे वाचल्यावर गप्प राहण्याचा. दहा वर्षांच्या मुलांनाही ते लागू करून पाहूया.

चौथी-पाचवीचं मोठ्याने वाचून दाखवणं बंद झालं, हीही तक्रार नोंदवते. मूल जे स्वतः वाचू शकतं त्यापेक्षा ऐकून त्याला खूप जास्त समजतं, आणि हे अंतर प्राथमिक शाळा संपेपर्यंत तरी राहतं. जड पुस्तकाची गोडी लागते ती तिथेच.

मग पुस्तक सुचवायचं कसं? समितीचा प्रश्न रास्त आहे. वर्गात चाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, शिक्षकांना दुसरी दहा कामं. मी जे करत आले आणि त्या बाईंकडून शिकले ते इथे लिहिते.

मुलाला आधी पुस्तकाबद्दल विचारायचं नाही. "शेवटचं कधी खूप हसलास?" किंवा "तुला घाबरायला आवडतं का?" असं विचारायचं. मागचं कुठलं पुस्तक आवडलं, कुठलं मध्येच टाकलं, आणि कुठल्या पानावर टाकलं, हे विचारायचं. टाकलेलं पुस्तक आवडलेल्यापेक्षा जास्त सांगतं. मग तीन पुस्तकं पुढे करायची: एक त्याला सहज झेपेल असं, एक थोडं चढ असलेलं, आणि एक ज्याची त्याने अपेक्षाच केली नसेल असं. निवड त्याची. पान उघडून वाचायचं, न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. मूठ वळली तर पुस्तक आज अवघड आहे, पण तरी हवं असेल तर न्यायचं, घरी कुणीतरी सोबत वाचेल. ही बोटांची युक्ती मुलाच्या हातात राहते, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. ज्याला काहीच नको असतं त्याला मी पहिलं प्रकरण वाचून दाखवते आणि बरोबर अडचणीच्या जागी थांबते. दहातली सहा-सात मुलं पुस्तक हिसकावून घेतात. उरलेल्यांसाठी पुढचा गुरुवार असतो. आणि मुलींसाठी वेगळं, मुलांसाठी वेगळं असं कधीही काढून द्यायचं नाही. रडणारा मुलगा आणि झाडावर चढणारी मुलगी दोघांनाही भेटली पाहिजेत.

यातलं काहीही नवं नाही. गणित शिकवणारे शि. रा. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, हे पहिलं. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हे दुसरं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे तिसरं. आपल्या योजनेत पहिलं सूत्र कुलपात गेलं आहे आणि दुसऱ्यातला 'त्याचं' हा शब्द पुसला गेला आहे.

माझ्या मागण्या अशा:

पुस्तकांच्या पाठीवरच्या टिकल्या या महिन्यात काढाव्यात. काढायला मी आणि आणखी चार पालक दोन शनिवार येऊ. मुलांची पातळी शिक्षकांच्या वहीत राहू द्यावी.

कपाट उघडावं. एखाद्या पुस्तकावर आक्षेप असेल तर तो कोणी घेतला आणि का, हे लिहून ठेवावं, आणि पुस्तक संपूर्ण वाचल्याशिवाय ते काढू नये.

अवांतर वाचनाच्या यादीतली किमान निम्मी पुस्तकं गोष्टींची असावीत, त्यात मालिका, चित्रकथा आणि कविताही असाव्यात. दरवर्षी यादी ठरवताना प्रत्येक इयत्तेतल्या चार मुलांना बैठकीला बसवावं, आणि त्यांनी सुचवलेलं पुस्तक कारण न देता नाकारू नये.

वर्कशीट बंद करावी. तिच्या जागी वर्गात एक वही ठेवावी. ज्याला वाटेल त्याने त्यात पुस्तकाबद्दल एक ओळ लिहावी, ज्याला नको त्याने लिहू नये.

पाचवीपर्यंत रोज दहा मिनिटं शिक्षकांनी मोठ्याने गोष्ट वाचावी, आणि ती अभ्यासक्रमाच्या वेळात धरावी.

ग्रंथपालाची जागा भरण्यासाठी शाळेने वरिष्ठांकडे लेखी मागणी करावी आणि तिची प्रत पालकसभेत वाचून दाखवावी. आम्ही स्वयंसेवक येत राहूच, पण आम्हाला कुणाची जागा घ्यायची नाही.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, मला मान्य आहे. पण एक गोष्ट येत्या गुरुवारच्या आधी होऊ शकते. त्या मुलाने मागितलेला पुढचा भाग डावीकडच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. किल्ली कार्यालयात असते. तो तासाला येईल तेव्हा ते पुस्तक माझ्या टेबलावर असावं, एवढी परवानगी मला लेखी द्यावी.

आपली,
वाचनतासाला येणारी एक पालक